मूव्हीलेन्स: पिक्चर बघणाऱ्याला ३ स्टार, रिसर्चवाल्याला ५

ह्युमन-कम्प्युटर इंटरॅक्शनमध्ये (म्हणजे माणसं कम्प्युटर कसा वापरतात याचा अभ्यास) पीएचडी करायचं डोक्यात असेल, त्यातही ऑनलाइन कम्युनिटीवर काम करायचं असेल, तर बाकी काही करायच्या आधी मूव्हीलेन्सवर अकाउंट काढा. ही पिक्चरची शिफारस करणारी वेबसाइट, तुम्ही बघितलेल्या पिक्चरना स्टार द्यायचे आणि त्यावरून ती पुढचे सुचवते. फुकट आहे, जाहिराती नाहीत आणि चालवते कोण तर मिनेसोटा विद्यापीठाची ग्रुपलेन्स लॅब, तीही १९९७ पासून.

नुसता पिक्चर शोधायला म्हणाल तर ठीकठाक. दिसायला साधी आहे, कमी लोकांनी बघितलेल्या पिक्चरला तुम्ही किती स्टार द्याल याचा तिचा अंदाज ढिला येतो. पण एक गोष्ट भारी आहे, शिफारस कुठल्या पद्धतीने हवी ते आपणच निवडायचं: पेझंट, बार्ड, वॉरियर, विझर्ड. पेझंट तुमची आवडनिवड बघतच नाही, विझर्डला तुमची बरीच रेटिंग्ज लागतात. चौघांच्या याद्या काढून शेजारी ठेवा, पेपर वाचून जे डोक्यावरून जातं ते तिथे लगेच कळतं.

खरी मजा म्हणजे इथे युजर पण आपण आणि प्रयोगातला नमुना पण आपणच. २००३ च्या एका अभ्यासात त्यांनी लोकांना मुद्दाम एक स्टार वरखाली केलेले अंदाज दाखवले, तर लोकांची रेटिंग्ज त्या बाजूला सरकली! हे वाचल्यापासून मी आधी स्वतःचे स्टार ठरवतो आणि मगच त्यांचा अंदाज बघतो, तरी नजर जातेच म्हणा. नंतर २०१० मध्ये छापून आलेला प्रयोग तर अजून गमतीचा. साधारण मेंबर किती रेटिंग्ज देतो एवढंच सांगितलं, तर मागे असलेल्यांची महिन्याची रेटिंग्ज ५३० टक्क्यांनी वाढली आणि पुढे असलेल्यांची ६२ टक्क्यांनी घसरली. म्हणजे आकडा दाखवून हुरूप येतो तसा तो जातोही, आणि लीडरबोर्ड (कोण पुढे, कोण मागे याची यादी) लावत सुटणाऱ्यांनी हा दुसरा अर्धा भाग सोयीस्कर विसरलेला असतो.

करिअरच्या बाजूने बघाल तर स्वतःची कम्युनिटी असणं किती मोठी गोष्ट आहे हे २०२३ मध्ये ट्विटरने फुकट एपीआय (बाहेरच्यांना डेटा घ्यायची सोय) बंद केल्यावर सगळ्यांना कळलं, डेटाच दुसऱ्याच्या हातात असला की अर्धवट थिसिस घेऊन बसायची पाळी येते. इथे लॅबच मालक, त्यामुळे इंटरफेस बदलायला कोणाच्या पाया पडायला लागत नाही, आणि ३ कोटी २० लाख रेटिंग्जचा डेटासेट कोणीही डाउनलोड करू शकतो. फक्त सर्व्हर सांभाळणं, बग काढणं, मेंबरना उत्तरं देणं हे सगळं कोणाला तरी करावंच लागतं, आणि नोकरीच्या अर्जात त्याला पेपरइतकी किंमत नसते. गाईड असं काही चालवत असेल तर आधीच विचारून घ्या की त्यातलं किती काम तुमच्या गळ्यात पडणार.

एक स्टार कापलाच असता तो प्रायव्हसीसाठी. नावं काढून टाकलेला डेटा असला तरी उघडपणे कुठे कुठल्या पिक्चरबद्दल बोललात त्यावरून माणूस ओळखता येऊ शकतो, हे २००६ मध्ये ह्याच लॅबच्या लोकांनी पेपर लिहून दाखवलं. स्वतःच्याच डेटातली भोकं स्वतःच छापायची, म्हणून नाही कापला. तरीपण अकाउंटचं नाव दुसरीकडे वापरता तेच ठेवू नका.