जुन्या सॅलरी अकाउंटने गिळलेले आईचे ३,२४५ रुपये ७० पैसे (आणि ते परत मागताना आलेला अनुभव)

बँकेला १ स्टार, तोही वॉचमन काकांसाठी, कारण त्या ब्रांचमध्ये सरळ उत्तर देणारे ते एकटेच. रिझर्व्ह बँकेच्या तक्रार सेवेला ४ स्टार. एक का कापला ते पुढे येईलच.

तर झालं असं की मी मार्चमध्ये नोकरी बदलली. नवीन कंपनीचं सॅलरी अकाउंट दुसऱ्या बँकेत, त्यामुळे जुनं तसंच पडून राहिलं, त्यात ६,३१२ रुपये होते आणि त्याच खात्यावरून २,००० ची एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडाचा महिन्याचा हप्ता, जायची. एप्रिल, मे, जून तीन हप्ते गेले आणि उरले ३१२. मॅन्डेट, म्हणजे हप्ता आपोआप कापायची परवानगी, नवीन खात्यावर घ्यायचं रोज ठरवायचे आणि रोज विसरायचे. हा माझा गाढवपणा, आधीच कबूल करून टाकते म्हणजे खाली कमेंटमध्ये कोणी शिकवायला नको.

ऑक्टोबरमध्ये दिवाळीच्या तोंडावर आईने इचलकरंजीहून ५,००० पाठवले, साडी घे म्हणून. तिने फक्त माझा मोबाईल नंबर टाकला, आणि माझ्या यूपीआयला डिफॉल्ट खातं अजून ते जुनंच होतं. मी भाजी निवडत बसले होते, फोन वाजला, ५,००० जमा. बरं वाटलं. मेथीची जुडी संपायच्या आत लागोपाठ मेसेज, ५९० डेबिट, ५९० डेबिट, परत ५९०, मधेच एक १७ रुपये ७० पैसे. मला आधी वाटलं फ्रॉड झाला, हात थरथरायला लागले, कार्ड ब्लॉक करायला अ‍ॅप उघडलं तर शिल्लक १,७५४ रुपये ३० पैसे. आणि तेवढ्यात आईचा फोन, "पैसे पोचलं न्हवं गं?" काय सांगणार, म्हटलं पोचले.

चोर बँकच निघाली. स्टेटमेंट काढून हिशोब लावला तो असा. सलग तीन महिने पगार आला नाही म्हणून जुलैपासून माझं झिरो बॅलन्स सॅलरी खातं साधं सेव्हिंग झालं, ज्यात महिन्याची सरासरी शिल्लक १०,००० हवी. नाही ठेवली की ५०० दंड, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५९०. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर मिळून १,७७०. त्याच तीन महिन्यांत एसआयपी बाउन्स, प्रत्येक बाउन्सला परत ५०० अधिक जीएसटी, आणखी १,७७०. सलग तीन वेळा हुकली की एसआयपी आपोआप बंद होते म्हणून तेवढ्यावर थांबलं, नाहीतर अजून चालूच राहिलं असतं. आणि एसएमएस पाठवल्याचे १५ अधिक जीएसटी. एकूण ३,५५७ रुपये ७० पैसे. त्यातले ३१२ जुलैतच खाऊन झाले होते, बाकीचे त्यांनी लीन लावून ठेवले होते, म्हणजे खातं मायनस दाखवायचं नाही, पण उंबऱ्यावर दबा धरून बसायचं आणि पैसा आत आला रे आला की उचलायचा. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

कस्टमर केअरला फोन लावला, चौदा मिनिटं गाणं ऐकलं, मग एक मुलगा म्हणाला चार्जेस अ‍ॅज पर पॉलिसी आहेत, ब्रांचला जा. दुसऱ्या दिवशी हाफ डे टाकून ब्रांचला. टोकन मशीन बंद, वॉचमन काकांनी वहीत नाव लिहून घेतलं आणि हळूच म्हणाले, "ताई, तोंडी बोलू नका, लेखी द्या, शिक्का घ्या." अख्ख्या प्रकरणातला हा सगळ्यात उपयोगी सल्ला होता आणि मी तो त्या दिवशी ऐकला नाही.

आत रिलेशनशिप मॅनेजर, पंचविशीतली मुलगी, तिचा तरी काय दोष म्हणा. "मॅम, सिस्टीम ऑटोमॅटिक कापते, आमच्या हातात काही नसतं." म्हटलं मग परत करणं कोणाच्या हातात असतं? तर खुर्ची पुढे ओढून म्हणाली, तुम्ही आमचं हे वरचं अकाउंट घ्या, सोबत एक छोटी इन्शुरन्स पॉलिसी, वर्षाला फक्त पंचवीस हजार, मग मी मॅनेजर सरांशी बोलून रिव्हर्सल करून देते. साडेतीन हजार सोडवायला पंचवीस हजार! कोपराला गूळ लावायचा म्हणजे किती लावायचा. मी नाही म्हटल्यावर आत जाऊन आली आणि म्हणाली, गुडविल म्हणून शिल्लक दंडातले निम्मे, ८८५ परत देऊ, तुम्ही इथे सही करा.

खरं सांगते, मी सही करणार होते. पेन हातात घेतलं होतं. पण कागदावर लिहिलं होतं की ग्राहकाची या विषयात आणखी कुठलीही तक्रार नाही, आणि ते वाचून डोकं सटकलं. गुडविल कसलं, माझेच पैसे. घरी आले.

रात्री नवऱ्याच्या मित्राला फोन केला, तो एका सहकारी बँकेत आहे. तो म्हणाला तू सगळं एकत्र करून भांडतेयस म्हणून हरतेयस, दोन ढीग कर. बाउन्स चार्ज वेगळा, मिनिमम बॅलन्सचा दंड वेगळा. बाउन्सचा चार्ज किती लावायचा ते बँक स्वतः ठरवते, रिझर्व्ह बँक फक्त वाजवी असू दे म्हणते, आणि हप्ता तुझ्याकडूनच हुकलाय, तो विसर. पण मिनिमम बॅलन्सला नियम आहे. रिझर्व्ह बँकेचं २० नोव्हेंबर २०१४ चं परिपत्रक, १ एप्रिल २०१५ पासून लागू. शिल्लक कमी पडली तर बँकेने ग्राहकाला आधी कळवायचं, एसएमएस, ईमेल, पत्र काहीही, की बाबा नोटीस दिल्यापासून महिन्याभरात शिल्लक भर नाहीतर दंड लागेल. तो महिना दिल्याशिवाय कापायचं नाही. दंडसुद्धा जेवढी शिल्लक कमी त्या प्रमाणात असावा. आणि निव्वळ या दंडापायी खातं मायनसमध्ये जाता कामा नये.

मी सगळे एसएमएस चाळले. जुलै ते ऑक्टोबर या बँकेचे एकोणतीस मेसेज होते, त्यात प्री-अप्रूव्हड लोनचे अकरा, क्रेडिट कार्डचे आठ, रक्षाबंधनाच्या शुभेच्छासुद्धा होत्या. शिल्लक भरा असं सांगणारा एकही नाही. आणि या मेसेजचे म्हणून १७ रुपये ७० पैसे घेतलेले, म्हणजे लोनची जाहिरात मी माझ्या खर्चाने वाचत होते.

मग मी बँकेला ईमेल लिहिला, चारच ओळी. दंडाची नोटीस कोणत्या तारखेला, कोणत्या नंबरवर किंवा पत्त्यावर पाठवली त्याची प्रत द्या. नसेल तर १,७७० परत करा. गुडविल वगैरे शब्द मुद्दाम टाळला, विनंतीही केली नाही, फक्त तारीख विचारली. हा ईमेल गेला १७ ऑक्टोबरला, तक्रार नंबर आला, तो जपून ठेवला.

पाच दिवसांनी उत्तर, की खातं साधं सेव्हिंग झाल्याचं आम्ही तुमच्या नोंदणीकृत ईमेलवर कळवलं होतं. कुठला ईमेल, तर जुन्या ऑफिसचा! जो मार्चच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी सहाला बंद झाला. बरं, पत्ता बदलला नाही ही माझी चूक धरू, पण खातं बदललं हे कळवणं आणि तुमची शिल्लक कमी पडलीय, महिन्याची मुदत देतो हे कळवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत ना? तेच परत लिहिलं. बँकेतच वरच्या पातळीवर तक्रारी बघणाऱ्या नोडल ऑफिसरला पाठवलं. मग ठरलेलं उत्तर, युवर कन्सर्न इज इम्पॉर्टंट टू अस. दोनदा. दोन्ही वेळा माझं आडनाव चुकीचं.

आणि गंमत बघा, ३ नोव्हेंबरला मला एसएमएस आला, अगदी नियमात बसणारा, की तुमच्या खात्यात सरासरी शिल्लक कमी आहे, ३ डिसेंबरपर्यंत भरा अन्यथा दंड लागू होईल. वरातीमागून घोडं. पण माझ्यासाठी हाच मेसेज पुरावा ठरला, कारण यांना असा मेसेज पाठवता येतो हे त्यांनीच सिद्ध केलं. लगेच स्क्रीनशॉट.

आता रिझर्व्ह बँकेच्या सेवेबद्दल. २०२१ च्या नोव्हेंबरपासून सगळ्या तक्रारींसाठी एकच लोकपाल योजना आहे (लोकपाल म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींचा निवाडा करणारा रिझर्व्ह बँकेचा अधिकारी), आधी बँकेचा लोकपाल वेगळा, फायनान्स कंपन्यांचा वेगळा, डिजिटल व्यवहारांचा वेगळा असं होतं. आता एकच वेबसाइट, सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन. फुकट आहे, वकील लागत नाही. पण थेट तिकडे धावायचं नाही, आधी बँकेला लेखी द्यावं लागतं आणि ३० दिवस थांबावं लागतं किंवा बँकेने नकार द्यावा लागतो, नाहीतर तक्रार दारातच बंद होते. माझ्या मावसभावाची तशीच झाली होती, त्याने फक्त ब्रांचमध्ये आवाज चढवला होता, लेखी शून्य.

मी १७ नोव्हेंबरला बसले. फॉर्म ओटीपीने उघडतो आणि आधी प्रश्न विचारतो, बँकेला लिहिलंत का, कधी, उत्तर आलं का, हेच प्रकरण कोर्टात आहे का. स्टेटमेंट, ईमेल आणि स्क्रीनशॉट जोडले. एक स्टार कापला तो इथे, कारण माझी फाइल दोनदा अपलोड होता होता अडकली, सेशन संपलं आणि सगळं पहिल्यापासून भरावं लागलं, तिसऱ्यांदा रात्री साडेअकराला गेली. पण त्यांचा १४४४८ नंबर लावला तर मराठीचा पर्याय आहे आणि पलीकडची बाई खरंच मराठी बोलली, घाई न करता. कुठल्या रकान्यात काय लिहायचं ते तिने सांगितलं. आईला ही गोष्ट जास्त आवडली, म्हणाली मग मी पण लावू शकते की.

रिझर्व्ह बँकेचा तक्रार नंबर पडल्यावर चौथ्या दिवशी माझ्या बँकेतून फोन. तोपर्यंत ज्यांना माझं आडनाव येत नव्हतं त्यांना आता मधलं नावही तोंडपाठ. आवाजात नुसता साखरेचा पाक. "मॅडम, आपण हे आपसात मिटवू, तुम्ही तक्रार मागे घ्या, मी आज रिव्हर्स करते." म्हटलं पैसे आधी, मागे घ्यायचं मग बघू. १ डिसेंबरला १,७७० जमा झाले. बाउन्सचे मिळाले नाहीत, एसएमएसचे १७ रुपये ७० पैसेही नाहीत, त्यासाठी मी भांडले नाही, आधीचे माझ्या चुकीचे आणि नंतरच्यासाठी अंगात जीव उरला नव्हता.

२ डिसेंबरला, मुदतीच्या एक दिवस आधी, खातं बंद. सगळे पैसे नवीन खात्यात घेतले, कार्डाचे कात्रीने दोन तुकडे, उरलेले चेक रेघ मारून परत दिले, बंद केल्याच्या अर्जावर शिक्का घेतला. वॉचमन काकांना शिक्का दाखवला तर हसले नुसते.

आता कुणी म्हणेल सरकारी बँकेत जा. तर तिथेही सगळं गोडीगुलाबीचं नव्हतं. स्टेट बँकेने २०१७ साली हा दंड परत सुरू केला आणि एप्रिल ते नोव्हेंबर २०१७ या आठ महिन्यांत त्यातून १,७७१ कोटी गोळा केले, त्यांच्या त्या वर्षीच्या जुलै-सप्टेंबर तिमाहीच्या नफ्यापेक्षा जास्त. बोंबाबोंब झाली, मग मार्च २०२० मध्ये सेव्हिंग खात्यांवरचा दंड काढून टाकला. २०२५ च्या जून-जुलैत कॅनरा, पंजाब नॅशनल, बँक ऑफ बडोदा यांनीही काढला. २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत सरकारी बँकांनी मिळून सुमारे ८,५०० कोटी या एका कारणाने जमा केल्याचं संसदेत सांगितलं गेलं. ज्याच्या खात्यात पैसे नाहीत त्याच्याकडूनच पैसे नसल्याबद्दल पैसे घ्यायचे, हे डोकं ज्या कोणाचं होतं त्याला दंडवत.

ज्यांना शिल्लक ठेवणं जमत नाही त्यांनी बेसिक सेव्हिंग खातं मागून घ्या, नावात बीएसबीडी असतं, प्रत्येक बँकेत असतं, त्यात मिनिमम बॅलन्सची अटच नाही. काउंटरवर आपणहून कोणी सांगणार नाही. आणि जुनं खातं दोन वर्षं अजिबात व्यवहार न होता निष्क्रिय झालेलं असेल तर १ एप्रिल २०२४ पासून त्यावर हा दंड लावता येत नाही, आणि परत चालू करायलाही पैसे घेता येत नाहीत. वडिलांची, आजोबांची जुनी पासबुकं कपाटात असतील तर तेवढं बघून घ्या.

साडी घेतली शेवटी, संक्रांतीला, काळी. आईला तेव्हा सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आदी सांगितलं असतंस तर हातात दिलं नसतं व्हय?" आणि मग यूपीआय उघडून माझ्या नंबरवर एक रुपया पाठवला, कुठल्या बँकेत पडतोय ते बघायला.