कॉम्रेड्ससाठी कोच: ग्रुपमधला की ऑनलाइन?

कॉम्रेड्स म्हणजे दक्षिण आफ्रिकेतली लांब पल्ल्याची धावण्याची शर्यत: पीटरमॅरिट्झबर्ग आणि डर्बन यांच्यामधलं साधारण 86 ते 90 किमी अंतर 12 तासांत. 90 किमीचं वर्ष असेल तर चालणं आणि पाण्याचे थांबे धरून सरासरी आठ मिनिटांना एक किमी. कोच याच गणितासाठी लागतो.

ग्रुपचा कोच तुम्हाला पळताना पाहतो, हा त्याचा सगळ्यात मोठा फायदा. उतारावर लांब ढांगा टाकून टाच आपटत उतरणाऱ्याच्या मांड्या शर्यतीच्या उत्तरार्धात दगड होतात. ही चूक घड्याळाच्या आकड्यांत दिसत नाही. सिंहगडाच्या घाटात मागून पाहिलं की लगेच दिसते. मग ‘पाऊल अंगाखाली, छोटं, भरभर’ हे तिथल्या तिथे घोटून घेता येतं. ग्रुपचा धोका वेगाचा. साडेचार तासांचा मॅरेथॉनर चार तासवाल्यांच्या मागे लागतो, रविवारचा लाँग रन शर्यत होऊन बसतो आणि दोन महिन्यांत पोटरी धरते.

ऑनलाइन कोच तुमची शिफ्ट, जुनी दुखापत, गेल्या तीन महिन्यांचे आठवड्याचे किमी पाहून प्लॅन बसवतो. हे काही न विचारता पहिल्याच दिवशी तयार तक्ता पाठवला, तर पैसे भरू नका. शर्यत बहुधा जूनमध्ये, म्हणजे मोठे आठवडे ऐन एप्रिल-मेमध्ये येतात. मुंबईच्या दमटपणात त्याच वेगाला नाडी बरीच वर जाते. हवा कशी होती हे न विचारणारा कोच त्याला थकवा समजून किमी कापतो, नाहीतर उगाच दामटवतो.

कोचची स्वतःची मेडल्स मोजण्यात अर्थ नाही. साडेआठ तासांत संपवणाऱ्याला मधल्या कटऑफची (वाटेतल्या ठरावीक ठिकाणी वेळेत न पोचल्यास शर्यतीतून बाहेर) टांगती तलवार माहीत असेलच असं नाही. साडेअकरा तासांच्या आसपास त्याचे किती जण पोचले, ते विचारा. खाण्याचंही विचारा: तासाला 50-60 ग्रॅम कर्बोदकं पोटाला झेपवायचा सराव तो लाँग रनमध्ये करून घेतो का? नुसतं पाणी ढोसल्याने रक्तातलं सोडियम उतरतं, आणि पळताना आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी घेतल्यास मूत्रपिंडावर ताण येतो. हे त्याने तुम्ही न विचारता सांगायला हवं.

पहिलीच कॉम्रेड्स असेल, जुनी दुखापत नसेल आणि ग्रुप घराजवळ असेल, तर आमचं मत ग्रुपच्या बाजूने. गुडघ्याचा इतिहास किंवा रात्रपाळी असेल तर ऑनलाइन घ्या. पण महिन्यातून एकदा घाटात उतरतानाचा मागून आणि बाजूने काढलेला व्हिडिओ त्याला पाठवाच, आणि तोही 25 किमी झाल्यानंतरचा. ताज्या पायांनी सगळेच नीट उतरतात.