सोयाच्या दुधाचा चहा: दहा महिन्यांनंतरचा अनुभव (आणि मशीनचं काय झालं)

मागच्या मंगळवारी सकाळी सोयामिल्कच्या मशीनने मान टाकली. लाल दिवा लुकलुकला, तीनदा टूं टूं झालं आणि आत उरलं लिटरभर कोमट, कच्च्या शेंगांचा वास मारणारं पांढरट पाणी. गेल्या पाडव्याला ऑफरमध्ये ५,९९० ला घेतली होती. वॉरंटी एक वर्षाची, म्हणजे अजून दोन महिने शिल्लक. म्हणून मी निर्धास्त होतो.

कस्टमर केअरच्या मुलीचा पहिला प्रश्न: "सर, तुम्ही यात काय टाकत होता?"

"सोयाबीन."

"रोज?"

खोक्यावर सोयाबीनचंच चित्र आहे, बाई. मी काय त्यात मोजे धूत होतो?

चौथ्या दिवशी माणूस आला. व्हिजिटचे ३५० आधी घेतले, मग भांडं उलटं-सुलटं करून तळ दाखवला. तळावर चुन्याचा हात मारावा तसा पांढरा थर. "काका, पाणी खारं आहे तुमचं. हीटर गेला. हे वॉरंटीत बसत नाही." नवीन भांड्याचे २,८००. कुठे लिहिलंय विचारलं, तर पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं निघालं. त्यानंतर मी तीन फोन केले आणि एका सुपरवायझरशी आवाज चढवून बोललो. फायदा शून्य. पण त्या पांढऱ्या थराने माझा दहा महिन्यांचा एक गुंता सोडवला, म्हणून हे एवढं लांबण लावतोय.

आमची लेक गेल्या वर्षी व्हिगन झाली, म्हणजे मटण-अंडी तर नाहीच, दूध-तूपही नाही. तिची कारणं तिची, त्यात मी शिरत नाही. आमचं घर रविवारी मटण खाणारं. "माझ्यासाठी वेगळं काही करू नका" असं ती म्हणाली खरी, पण असं म्हटल्यावर तिच्या आईने चार गोष्टी वेगळ्या केल्याच. माझा शिरकाव झाला तो दुधाच्या बिलामुळे. हिरवा व्ही आणि त्यावर पान (ही व्हिगन मालाची खूण) असलेला सोयामिल्कचा लिटरचा खोका आम्हाला १४० ला पडत होता, ओट्सचा तर अडीचशेच्या पुढे. त्या खोक्यावर 'दूध' लिहायलाही परवानगी नाही, 'सोया ड्रिंक' म्हणतात.

आता माझं दुःख ऐका. आमचा दादा औसा तालुक्यात सोयाबीन पिकवतो. २०२५-२६ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ५,३२८ होता, पण बाजारात दादाच्या हाती त्याहून बरेच कमी पडले. म्हणजे किलोला पन्नासही नाहीत. आणि लिटरभर दुधाला सोयाबीन लागतं १०० ग्रॅम. पाच रुपयांचा माल मी एकशेचाळीसला विकत घ्यायचा, तेही भाऊ लातूरच्या अडतीवर भाव पडला म्हणून कपाळाला हात लावून बसलेला असताना! त्याच आठवड्यात मशीन मागवली आणि दादाला सांगितलं, दहा किलो पाठव.

दादा फोनवर हसायचाच थांबेना. "आरं, कच्चं तर जनावराला बी देत न्हाईत. तू चहात घालतूस?" यात दादाचं चूक नाही. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, तो उकळून मारावा लागतो. पण इतकी वर्षं पेरून आमच्या घरात एकानेही सोयाबीनचा दाणा तोंडात टाकलेला नव्हता. आमच्याकडे तो तेलाचा माल. तेल गिरणीत, पेंड कोंबड्यांना आणि कोंबडी आम्हाला. लेकीने हे नेमकं पकडलं: "पप्पा, मी फक्त मधली कोंबडी काढलीय."

आता मुद्द्यावर येतो. मुद्दा चहाचा.

जेवणाचं मी काहीही जमवून घेईन, पण सकाळचा चहा फाटला की माझा दिवस गेला. सोयाच्या दुधाचा चहा फाटतो कसा, हे ज्याने पाहिलं नाही त्याला सांगतो. आधी भांड्याच्या कडेला बारीक रवा दिसतो. तुम्ही म्हणता, साय असेल. मग मधे ढग जमतात, ढग खाली बसतात आणि वर उरतं तांबूस पाणी. चव तितकी वाईट नसते, पण ते कपात ओतून पाहुण्यासमोर ठेवता येत नाही.

पहिला संशय गुळावर. गुळाच्या चहात म्हशीचं दूधसुद्धा फाटतं, हे आपल्याकडे पोरासोरांना माहीत आहे. साखरेवर आलो, तरी फाटला. मग आलं बंद केलं. आल्यातलं एक पाचक द्रव्य दूध फाडतं, उकळलं की ते मरतं, म्हणून आलं आधी पाण्यात उकळायला लागलो. थोडा फरक पडला. मग चहाची पूड कमी केली, कारण कडक चहा आंबट आणि सोयाच्या प्रथिनांना आंबट चालत नाही. मग चहात दूध घालायचं सोडून गरम दुधात चहा बारीक धारेने ओतायला लागलो आणि ओतल्यावर गॅस पेटवायचा नाही हा नियम केला. हिने एकदा सवयीने पेटवला तर मी ओरडलो. तिने तेव्हा काढलेले शब्द इथे लिहीत नाही.

एप्रिल-मे असेच गेले. दहातले चार चहा फाटायचे. तेव्हा मी ओळखीच्या सगळ्यांना छातीठोक सांगत होतो की व्हिगन वगैरे ठीक आहे, पण यांच्याकडे चहाला उत्तर नाही. जूनमध्ये मात्र एकाएकी फाटायचं बंद झालं. तीच पूड, तेच दूध, तीच धार. पावसाळाभर एक कप फाटला नाही आणि मी मानलं की आपला हात बसला. दिवाळीत आलेल्या पाहुण्यांना मी प्रात्यक्षिकं दाखवलीत, आता आठवलं की लाज वाटते. कारण संक्रांतीच्या सुमाराला परत रवा, परत ढग.

आता तो पांढरा थर आठवा. आमच्या सोसायटीत (पिंपरी-चिंचवड, जास्त सांगत नाही) उन्हाळ्यात टँकर येतात, बोअरच्या पाण्याचे. पाऊस लागला की बंद होतात, यंदा जानेवारीतच पुन्हा सुरू झाले. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार ठासून भरलेले, आणि टोफू (सोयाचं पनीर) करताना सोयाचं दूध मुद्दाम फाडतात ते याच क्षारांनी. म्हणजे मी रोज सकाळी टोफूच करत होतो, वर साखर-आलं घालून! घरात फिल्टर आहे, पण यूव्हीचा. तो जंतू मारतो, क्षारांना हात लावत नाही. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांकडून दोन लिटर आरओचं (तो फिल्टर क्षारही काढतो) पाणी आणलं, त्यातच दूध केलं आणि त्यातच चहा. एक कणही नाही. दहा महिने मी गूळ, आलं, पूड, बायको आणि मशीन यांना दोष देत होतो.

तेव्हा वर व्हिगन चहाला जी नावं ठेवली ती मागे घेतो. चव? खरं सांगायचं तर पहिला महिना चहात हरभऱ्याच्या डाळीचं पाणी टाकल्यासारखं वाटतं. दाणे चिमूटभर सोडा घालून रात्रभर भिजवा, सालं चोळून काढा आणि दळताना थेट उकळतं पाणी घाला. तो कच्चा वास दाणा थंड पाण्यात दळला की सुटतो, गरम पाण्यात सुटत नाही. मशीन थंड पाणी घेऊन आधी दळते आणि मग तापवते, म्हणून तिच्या दुधाला वास जास्त. आता मी मिक्सरला वाटतो, पंच्यातून पिळतो आणि जाड बुडाच्या पातेल्यात दहा-पंधरा मिनिटं उकळतो. फेस फसवतो, बरं का. उकळी फुटायच्या आधीच दूध भसकन वर येतं. तेवढ्यावर गॅस बंद केला तर पोट बिघडेल. हे दूध मशीनपेक्षा चांगलं होतं, म्हणजे ५,९९० कशाचे गेले याचा हिशोब मी सध्या करत नाही.

चोथा फेकू नका. कांदा, तिखट, ओवा आणि ज्वारीचं पीठ घालून थालीपीठ करा, भाजणीच्या तोंडात मारेल असं होतं.

बाकी बाजारी व्हिगन मालाबद्दल थोडक्यात. चीज एकदा आणलं, खोबरेल तेल आणि स्टार्च. पराठ्यावर वितळण्याऐवजी घामेजलं. नकली चिकनची चव मसाल्याची असते, मग मसाला घरचा काय वाईट? बदामाच्या दुधात बदाम शोधावे लागतात. दही मात्र जमतं: शेंगदाण्याच्या कोमट दुधात हिरव्या मिरचीची देठं टाकून रात्रभर ठेवायचं. थोडं ओशट लागतं, पण कढीला चालतं.

डिसेंबरात येळवशीला (वेळ अमावास्या, शेतात पूजा करून तिथेच जेवायचा सण) गावाकडे गेलो तेव्हा लेकीचं कसं होणार याची मला धास्ती होती. कडब्याच्या कोपीपुढे पूजा झाली, पंगत बसली. भज्जी वाढली: तुरीचे-हरभऱ्याचे ओले दाणे, वाल, पालेभाज्या, चिंच, बेसन. बाजरीचे उंडे, शेंगदाण्याची चटणी. पोरगी बोटं चाटून खात होती. अडली फक्त आंबिलीपाशी, कारण त्यात ताक. वहिनीने काही न बोलता पदराआडून वेगळी चरवी काढली. ज्वारीचं पीठ तिने दोन दिवस आधीच आंबवायला ठेवलं होतं, ताकाशिवाय, वर लसूण-जिरं. मी दोन्ही प्यायलो. ताकाची सरस, पण फार नाही. मग दादा लेकीला म्हणाला, "हे तर आमी दर साली खातो. ह्याला इंग्रजी नाव कशापाई?"

एक गोष्ट मात्र गंमतीवारी नेऊ नका. बी-१२ जीवनसत्त्व या जेवणातून मिळत नाही, गोळी घ्यावी लागते. नऊ महिन्यांनी लेकीची तपासणी केली तर १६८ आलं, खालची मर्यादा २००. ही लगेच म्हणाली, "मी सांगत होते." मग मी हिचीही तपासणी केली. रोज दोन कप दूध पिणारीचं आलं १८१. आता डॉक्टरांनी दोघींना एकच गोळी दिली आहे आणि घरात त्या विषयावर शांतता आहे. कॅल्शियमची आम्हाला तितकी चिंता वाटत नाही. नाचणी आणि तीळ आमच्याकडे रोज असतात, आणि नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं.

मी स्वतः व्हिगन झालोय का? नाही. रविवारचं मटण चालू आहे. पण सकाळचे दोन्ही चहा आता सोयाचे, आणि गवळ्याचं एक लिटर बंद केल्यापासून महिन्याला अठराशे वाचतात. त्यातून आरओ घ्यावा असं ही म्हणते. आरओ जितकं पाणी देतो त्याहून जास्त मोरीत सोडतो आणि आम्ही टँकरचे पैसे भरतोय, म्हणून मी अजून शेजाऱ्यांची बाटली भरून आणतो. बदल्यात त्यांना थालीपीठ जातं.

मशीनचं झाकण, मोटर आणि जाळी उत्तम स्थितीत आहे, फक्त भांडं गेलंय. बिलासकट पंधराशेला देतो. टँकरचं पाणी पिणाऱ्यांनी विचारू नये.