ऑनलाइन कोर्स की कॉलेजचा वर्ग? दोन्ही वापरून झाल्यावरचा अनुभव (मुद्दा फळ्याचा आहे)

सेमिस्टरची परीक्षा तोंडावर आणि पैसे भरून घेतलेल्या अ‍ॅपमधले सगळे व्हिडिओ लॉक. डाउनलोड करून ठेवलेले पण. ते अ‍ॅपच्या बाहेर चालतच नाहीत, नोट्सची पीडीएफ सुद्धा आतच उघडते, म्हणजे व्हॅलिडिटी संपली की हातात शून्य. कस्टमर केअरला फोन लावला तर मॅडम तुमचा प्लॅन एक्स्पायर झालाय, १४९९ भरा म्हणे. अहो, कोर्स घेताना 'परीक्षेपर्यंत' असं लिहिलं होतं, स्क्रीनशॉट आहे माझ्याकडे! चॅटवर पाठवला, तिकडून तेच छापील उत्तर. शेवटी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली तेव्हा कुठे पंधरा दिवस वाढवून मिळाले. पैसे परत नाहीतच.

मी टीवाय बीएस्सी मॅथ्सला आहे, कऱ्हाडजवळच्या गावातून एसटीने येऊन-जाऊन. आमची २०२१ ची दहावीची बॅच, जिची बोर्डाची परीक्षाच झाली नाही, त्यामुळे ऑनलाइन शिकणं म्हणजे काय हे आम्हाला कोणी समजावून सांगायची गरज नाही. यावर्षी लिनिअर अल्जेब्रासाठी (मॅट्रिक्स, म्हणजे आडव्या रो आणि उभ्या कॉलममध्ये मांडलेले आकडे, याचं गणित) अ‍ॅप पण घेतलं आणि वर्गातही बसले, म्हणून लिहितेय.

अ‍ॅपचा व्हिडिओ दिसायला एकदम भारी, रंगीत स्लाइड, आवाज स्वच्छ, शिकवणारे पण चांगले. सुरुवातीचे काही आठवडे मी सगळ्यांना हेच सांगत होते की घ्या, कॉलेजपेक्षा बरंय. मग रो रिडक्शन सुरू झालं, म्हणजे एका रो ची पट दुसरीतून वजा करत करत मॅट्रिक्स सोपं करायचं. स्लाइडवर मॅट्रिक्स येतं, आर टू मायनस टू आर वन (दुसऱ्या रो मधून पहिलीची दुप्पट वजा) म्हणतात, की पुढची स्लाइड, नवीन मॅट्रिक्स तयार, आधीचं गायब. आता तो तीन कुठून आला? दहा सेकंद मागे जा. परत पुढे. परत मागे. एका गणितात चार-पाच मॅट्रिक्स असतात आणि डोळ्यासमोर एका वेळी एकच, त्यामुळे मी गणित शिकत नव्हते, फक्त उत्तर उतरवून घेत होते. वहीत सगळ्या पायऱ्या नीट, आणि कोरं गणित दिलं की पहिल्याच पायरीला अडकायला व्हायचं.

आमचे सर तेच गणित फळ्यावर घेतात तेव्हा मूळ मॅट्रिक्स डावीकडे वरच्या कोपऱ्यात लिहून त्याला चौकट करतात, हे पुसायचं नाही म्हणून. मग उजवीकडे एकेक पायरी. फळा भरला तरी ती चौकट तशीच. एकदा तिसऱ्या पायरीत सरांकडून मायनस राहिला आणि ते तसेच पुढे गेले, शेवटच्या बाकावरून एकजण म्हणाला सर तिथे मायनस पाहिजे. सरांनी बोटानेच तो आकडा पुसला, नवा लिहिला, मग त्याच्या पुढच्या पायरीतला, मग त्याच्या पुढचा, असं करत खालपर्यंत आले आणि आम्ही सगळे बघत होतो एका चिन्हामुळे कुठले आकडे बदलतात आणि कुठले नाही. ज्या रो ला हात लावलाच नव्हता ती तशीच राहिली. रो ऑपरेशन म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं. अ‍ॅपच्या स्लाइडवर चूक नसतेच, सगळं आधीच तपासलेलं, त्यामुळे ही गोष्ट तिथे घडूच शकत नाही.

मग वर्गच चांगला का? सरसकट नाही म्हणणार. आमचे सर तासिका तत्त्वावर आहेत, नेमणूक उशिरा झाली, तोपर्यंत तो तास रिकामाच जायचा आणि आम्ही पासचे पैसे भरून नुसतं येऊन बसायचो (विद्यार्थी पासला भाड्याच्या ३३ टक्केच लागतात हे खरं, पण घरच्यांना तेही मोजूनच द्यावे लागतात). पोर्शन उरकायचा म्हणून शेवटची दोन युनिट इतकी पळवली की आयगेनव्हॅल्यू (मॅट्रिक्सच्या खास संख्या) कधी आलं आणि कधी गेलं पत्ता नाही. यात सरांचा दोष नाही. पदं कायमची भरत नाहीत आणि वर्षाच्या मधोमध माणूस आणून उभा करतात, त्याने तरी काय करायचं? मला याचा अ‍ॅपपेक्षा जास्त राग आहे, कारण अ‍ॅप मी बदलू शकते.

इथे माझं मत बदललं. ती राहिलेली दोन युनिट मी फुकटात शिकले आणि तीही फळ्यावरच. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या गिल्बर्ट स्ट्रँग सरांची लिनिअर अल्जेब्राची लेक्चर्स, १९९९ साली भरलेल्या वर्गात रेकॉर्ड केलेली, यूट्यूबवर पूर्ण आहेत. पहिल्याच लेक्चरला तेच समीकरण एकदा रो ने आणि एकदा कॉलमने बघायला लावतात. वर-खाली सरकणारे फळे आहेत, एक भरला की वर ढकलतात आणि आधीचं लिहिलेलं दिसत राहतं. इंग्रजी समजेल का अशी भीती होती, पण सबटायटल लावले आणि ते बोलता बोलता थांबतात, विचार करतात, तेवढ्या वेळात आपलाही विचार होतो. आपल्याकडे एनपीटीईएलवर (आयआयटी वगैरेंचे फुकट ऑनलाइन कोर्स असतात ते) आयआयटी मद्रासच्या बालकृष्णन सरांची फिजिक्सची लेक्चर्स पण अशीच खडू-फळ्याची आहेत, मैत्रिणीने ती बघितली, ती फिजिक्सची आहे. म्हणजे भांडण ऑनलाइन-ऑफलाइनचं नाहीच, लिहिलेलं डोळ्यासमोर राहतंय का आणि हाताच्या वेगाने पुढे सरकतंय का, एवढंच मी आता बघते.

एक मात्र सांगते, डेटा वाचवायला १४४पी वर लावू नका. खडूने लिहिलेलं ए वन टू (पहिल्या रो मधला दुसरा आकडा) आहे की ए टू वन (दुसऱ्या रो मधला पहिला) हेच दिसत नाही, आणि इथे तर सगळा खेळच त्या बारीक आकड्यांचा. दीड जीबीच्या रोजच्या पॅकमध्ये ४८०पी वर तासाभराचं लेक्चर आरामात बसतं.

ज्यांना सर्टिफिकेट किंवा क्रेडिट पाहिजे त्यांनी एनपीटीईएलचा कोर्स करावा, मी सध्या एक करतेय. नाव नोंदवायला पैसे नाहीत, फक्त परीक्षा द्यायची असेल तर हजार रुपये, आणि परीक्षा सेंटरवर जाऊन द्यायची. २५ मार्क असाइनमेंटचे, ७५ परीक्षेचे, बारा आठवड्यांच्या कोर्सला चांगल्या आठ असाइनमेंट धरतात. दर आठवड्याची मुदत असल्यामुळे मागे पडता येत नाही, हे अ‍ॅपमध्ये अजिबात नव्हतं. यूजीसीच्या २०२१ च्या नियमाप्रमाणे एका सेमिस्टरचे ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयंम मधून (सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल, एनपीटीईएलचे कोर्स त्यावरच असतात) घेता येतात, पण तुमचं कॉलेज कुठला कोर्स धरतं हे आधी ऑफिसमध्ये लेखी विचारून घ्या. आमच्याकडे यावर एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर पाठवत होते.

अडलं तर काय करायचं, हा प्रश्न राहतोच. स्ट्रँग सर काही माझ्या वहीत बघणार नाहीत. अ‍ॅपमध्ये डाउट टाकला की दुसऱ्या दिवशी सोडवलेल्या उत्तराचा फोटो यायचा, माझी चूक कुठे झाली ते कोणी बघायचंच नाही. कॉलेजला तास संपल्यावर सर दारात उभे राहून वही हातात घेतात, माझीच पायरी वाचतात आणि पेनाने एक गोल करतात, इथे बघ म्हणून. एवढ्यासाठी मी अजून एसटीने जाते, आणि तो तास नियमित होत असेल तर पुढेही जाईन.

अ‍ॅप घेणाऱ्यांनी दोन गोष्टी कराच. पैसे भरण्याआधी व्हॅलिडिटीच्या पानाचा तारखेसकट स्क्रीनशॉट काढा, त्याच्याच जोरावर माझी तक्रार टिकली. आणि कोर्स संपल्यावर यूपीआयमध्ये जाऊन ऑटोपे स्वतः कॅन्सल करा, नुसतं अ‍ॅप काढून टाकून ते बंद होत नाही.