ग्रास कटरसाठी ‘तयार मिक्स’ पेट्रोल घेताय? आधी हे वाचा

सुगीच्या तोंडावर खानापूर आणि बेळगाव तालुक्यात रस्त्याकडेच्या काही दुकानांत पाण्याच्या बाटल्यांतून ‘तयार मिक्स’ विकायला ठेवतात. तेल आधीच मिसळलेलं हिरवट नाहीतर निळसर पेट्रोल, ग्रास कटरसाठी. ते घेऊ नका. आमच्या घरचं मशीन त्यापायी बसलं आणि विकणाऱ्याने हात वर केले.

भातकापणीला माणसं मिळत नाहीत हे इकडच्या कुणाला सांगायला नको. म्हणून भावाने टू-स्ट्रोक ग्रास कटर घेतला. मशीन विकणारा आणि मिक्स विकणारा दुकानदार एकच. मशीनसोबतच्या इंग्रजी पुस्तकात पेट्रोल-तेलाचं प्रमाण २५:१ दिलं होतं. भावाने त्याबद्दल विचारलं तर उत्तर आलं, “पंचवीस लिहिलंय न्हवं? मग लिटरला पंचवीस मिली. तुला कशाला ती कटकट? आमच्याकडचं तयार घेऊन जा की.”

पहिला डाव इथेच. २५:१ म्हणजे पंचवीस भाग पेट्रोलला एक भाग तेल. १००० ला २५ ने भागा, लिटरला ४० मिली येतं. २५ मिली घातलं तर प्रमाण ४०:१ होतं. तसंच ५०:१ ला २० मिली लागतं आणि २०:१ ला ५० मिली. आकडे असे एकमेकांच्या जागी बसतात, त्यामुळे दुकानदार बोलला ते ऐकणाऱ्याला पटतं. आणि २५:१ ला ही चूक त्याच्याच फायद्याची होते.

बरं, २५ मिली तरी बाटलीत होतं का?

ग्रास कटरच्या टू-स्ट्रोक इंजिनाला तेलाची वेगळी टाकी नसते. पेट्रोलबरोबर जे तेल आत जातं, त्यावरच पिस्टन, सिलिंडर आणि क्रँकचे बेअरिंग चालतात. आमचं मशीन भर कापणीत गरम होऊन बंद पडलं. दोरी ओढली तर हलेना. मेस्त्रीने सायलेन्सर काढला आणि त्या भोकातून आत बॅटरी मारली. पिस्टनवर उभ्या रेघा ओढलेल्या होत्या, रिंग खोबणीत चिकटलेली. “तेल पोचलंच नाही,” एवढंच तो म्हणाला.

वॉरंटीसाठी गेलो तर दुकानदार भावालाच म्हणाला, “तू तेल कमी घातलंस.” मिक्स तुमच्याकडचंच होतं मामा, म्हटल्यावर, “बिल दाखव.” बिल मशीनचं होतं, बाटल्यांचं कधी दिलंच नव्हतं. मग म्हणाला, बाटली हलवली नसणार, तेल खाली बसलं असणार. चांगलं टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं तेल एकदा नीट मिसळलं की असं सहज वेगळं होत नाही. शेवटी त्यानेच सिलिंडर-पिस्टनचा नवा संच विकायला पुढे केला. फसवण्यातला हा भाग मला सगळ्यात निर्ढावलेला वाटला. इंजिन बसलं की दोष कायम गिऱ्हाइकाच्या माथी, कारण पेट्रोल जळून गेलेलं असतं, पुरावा काही उरत नाही.

आमच्याकडे मात्र एक बाटली अर्धी उरली होती. त्यातलं १०० मिली मोजून पसरट स्टीलच्या ताटात ओतलं आणि घरापासून लांब, उघड्यावर, सावलीत ठेवलं. (चूल, मोटारीचं बटण, विडी काही जवळ नको. आमच्याकडे निपाणीची विडी ओढणारे चुलते आहेत, त्यांना मुद्दाम दुसरीकडे पाठवलं.) पेट्रोल उडून जातं, तेल मागे राहतं. २५:१ असेल तर ताटात पावणेचार मिलीच्या जरा वर तेल राहायला हवं, ४०:१ असेल तर अडीचच्या आसपास. आम्ही ते सिरिंजमध्ये ओढलं. एक मिलीसुद्धा भरलं नाही.

रंग तर छान होता. टू-टी तेलात मुळातच रंग घातलेला असतो, मिसळलेलं पेट्रोल ओळखू यावं म्हणून. तो रंग वेगळा टाकायला कितीसा खर्च? पंपावर भेसळ बघायला फिल्टर पेपरवर थेंब टाकतात, डाग राहिला नाही तर पेट्रोल ठीक. मिक्सवर ती युक्ती चालत नाही, कारण तेलाचा डाग राहणारच. त्याच्या आडून रॉकेलही खपून जातं. लिटरभर टू-टी तेल ४०० रुपये धरा, ४० मिलीचे १६ रुपये होतात. एवढ्या पैशांसाठी दुसऱ्याचं इंजिन जाळायचं.

चेतक, लुना वापरलेल्या वडीलधाऱ्यांना हे सगळं तोंडपाठ आहे. चेतकला दोन टक्के, म्हणजे लिटरला २० मिली. पंपावरचा पोरगा डोळ्यांदेखत तेल घालायचा. त्या गाड्या गेल्या आणि तो हिशेबही गेला. आता टू-स्ट्रोक घरात येतं ते ग्रास कटर, चेन सॉ, पाठीवरचा पॉवर स्प्रे म्हणून, आणि हिशेब दुकानदार सांगेल तो.

आम्ही आता सीलबंद डबा घेतो. त्यावर टू-टी तेलाच्या दर्जाच्या खुणा, जासो एफसी किंवा एफडी, निदान एपीआय टीसी, छापलेल्या बघतो. मोटारसायकलचं फोर-टी (फोर-स्ट्रोकचं) तेल चालतं म्हणून कुणी गळ्यात मारेल. ते जळून राख-काजळी धरतं, घालू नका. काही कंपन्या स्वतःचं तेल असेल तर ५०:१ आणि दुसरं असेल तर २५:१ सांगतात, म्हणून आकडा ज्याच्या-त्याच्या पुस्तकातूनच घ्या. तेल सिरिंजने मोजा, टोपणाने नाही. टोपणं सारख्या मापाची नसतात. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढतं, त्यामुळे लागेल तेवढंच मिसळा. उन्हात ठेवलेली दुकानातली बाटली त्या कारणानेही नकोच.

पंपाबाहेर असं सुटं पेट्रोल विकायला मुळात परवानगी नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आम्ही तक्रार नोंदवली आहे. खानापूर भागात याच तऱ्हेने कुणाचं इंजिन बसलं असेल तर उरलेली बाटली फेकू नका, घराबाहेर सावलीत घट्ट बंद करून ठेवा आणि मशीनच्या बिलाचा फोटो काढून ठेवा. आणखी दोघं-चौघं निघाले तर तहसीलदारांकडे एकत्र अर्ज देता येईल.