‘हेड गॅस्केट गेलंय मॅडम’: कूलंटच्या गळतीवर उकळलेले साडेनऊ हजार

गाडीखाली थेंबही सांडलेला दिसत नाही, तरी बोनेटखालच्या डब्यातलं कूलंट हळूहळू कमी होतंय, अशी तुमची गाडी असेल तर लांबच्या प्रवासाला निघण्याआधी हे वाचा. अशी गाडी घाटात गरम होते, आणि घाट उतरला की गिऱ्हाइकाची वाट बघत कुणीतरी बसलेलंच असतं.

पुण्याहून कोल्हापूरला निघालो होतो, सोबत आई. खंबाटकी चढताना टेम्परेचरचा काटा वर सरकायला लागला. एसी बंद केला, माथ्यावर गाडी थांबवून थंड होऊ दिली आणि सोबतचं पाणी भरून उतरलो. खाली हायवेलगतच्या एका गॅरेजात गाडी लावली. इंजिन पुरतं निवलेलंही नव्हतं, तरी तिथल्या माणसाने फडकं धरून टोपण काढलं. (हे कुणीही, कधीही करू नये. आतलं पाणी दाबाखाली असतं, शंभर अंशांच्या वर गेलेलं असू शकतं, टोपण सैल होताच ते तोंडावर उसळतं.) मग त्याने पाणी ओतलं, गाडी चालू केली आणि डब्यातले बुडबुडे दाखवले. “कॉम्प्रेशन पाण्यात मारतंय. हेड गॅस्केट गेलंय मॅडम. हेड उतरवायचं, लेथवर फेस मारून आणायचं, बेचाळीस हजार धरा. असंच पुढं नेलं तर इंजिन जाम होईल.” (हेड गॅस्केट म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील. ते गेलं की सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरतो.)

आईचा चेहरा उतरला. त्याने तो पाहिला आणि लगेच आवाज मऊ केला. “म्हातारं माणूस आहे सोबत. एक करतो. वॉटर बॉडी बदलतो, रेडिएटर फ्लश करतो, कंपनीचं कूलंट टाकतो. साडेनऊमध्ये कोल्हापूर गाठाल. हेडचं नंतर बघू.” (वॉटर बॉडी म्हणजे इंजिनात कूलंट फिरवणारा पंप.)

सगळी चलाखी इथे आहे. बेचाळीसचा आकडा कानावर पडल्यावर साडेनऊ म्हणजे उपकारच वाटतात. “तुम्ही शेजारी चहा घ्या तोवर,” म्हणाला. जेमतेम तासाभरात गाडी तयार होती. रोख पैसे घेतले आणि वहीतल्या कागदावर पावती दिली.

कोल्हापुरात पोहोचेपर्यंत डबा पुन्हा मिनिमम खुणेच्या खाली. दुसऱ्या दिवशी सकाळी उद्यमनगरात भावाच्या ओळखीच्या मेस्त्रींकडे गेले. त्यांनी बोनेट उघडून आधी कशालाच हात लावला नाही, नुसता टॉर्च मारून बघत राहिले. मग थंड इंजिनावर टोपणाच्या जागी हातपंप आणि घड्याळ असलेला प्रेशर टेस्टर बसवला. टोपणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो, तितकाच दाब भरायचा आणि काटा बघत बसायचं. काटा खाली येत गेला. इंजिनच्या मागच्या बाजूला, हीटरकडे जाणाऱ्या होज पाइपच्या प्लास्टिकच्या टी-जॉइंटला केसाएवढी चीर होती. थेंब गरम इंजिनावर पडून तिथेच वाळायचे, म्हणून खाली काही दिसत नव्हतं. चिरेभोवती पांढरट हिरवे पापुद्रे मात्र जमले होते. जॉइंट आणि दोन नव्या क्लिपा मिळून काही शेकड्यांचं काम.

“आणि हेड गॅस्केट?” मी विचारलं.

“ताई, रिकाम्या सिस्टिममध्ये पाणी भरलं की आतली हवा बाहेर येतीच. थोडा वेळ बुडबुडं येणारच की.” खात्रीसाठी त्यांनी डब्याच्या तोंडावर निळं रसायन भरलेली नळी धरली आणि इंजिन चालू ठेवलं. सिलिंडरमधला वायू पाण्यात येत असेल तर ते रसायन पिवळं पडतं. निळं ते निळंच राहिलं. डिपस्टिकवरचं, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवरचं ऑइलही स्वच्छ होतं. ते दुधाळ, फेसाळ झालं असतं तर काळजी होती. ऑइलच्या टोपणाखाली थोडी पांढरी साय पावसाळ्यात किंवा जवळच्या जवळ गाडी फिरवली तरी धरते, तेवढीच दाखवून कुणी हेड उतरवायला सांगत असेल तर डिपस्टिक काढायला लावा.

मग वॉटर बॉडी. माझ्या गाडीत ती बदलायची तर पुढचं चाक, आतलं कव्हर, पट्टा असं बरंच उतरवावं लागतं. मेस्त्रींनी कव्हर काढून बोट दाखवलं: “ह्या बोल्टांवरचा गंज बघा. पाना तरी लागलाय का?” बोल्टांवर जुनी धूळ जशीच्या तशी. राहिलं ‘कंपनीचं कूलंट’. कूलंट किती अंशांना गोठेल ते दाखवणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर त्याचा थेंब टाकला. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर असतं तर रेष उणे पस्तीसच्या आसपास गेली असती. ती शून्याजवळच होती. म्हणजे साध्या पाण्यात हिरवा रंग, बाकी काही नाही.

घाटाखालच्या माणसाला प्रेशर टेस्टर आणि निळं रसायन या दोनपैकी एकही चाचणी करायची नव्हती, कारण केली असती तर बेचाळीस हजारांची भीती उभीच राहिली नसती. आता मी कुठल्याही गॅरेजात आधी विचारते, प्रेशर टेस्टर आहे का? नसेल तर काय बिघडलंय ते त्यांच्याकडून ऐकूनच घेत नाही. दुसरं, काम सुरू होण्याआधीच सांगून ठेवते की काढलेला जुना पार्ट मला परत हवा. वॉटर बॉडी बदललीच नसेल तर जुनी कुठून आणून देणार? वाटेत अडकलातच आणि गळती बारीक असेल, तर गाडी पूर्ण थंड करून साधं पाणी भरा, काट्यावर नजर ठेवून सावकाश जवळच्या शहरापर्यंत जा. काटा चढतच राहिला तर मात्र चालवू नका, टो करून न्या.

पैशांसाठी फोन केला तेव्हा तो माणूस म्हणाला, “गाडी घेऊन या, बघू.” ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. म्हणजे त्याच्या गावी खेटे घालायची गरज नाही. पावतीवर जीएसटी क्रमांक नाही, पार्ट नंबर नाही, ‘वॉ. बॉडी सेट’ एवढंच. पण गंजलेल्या बोल्टांचे फोटो आहेत, आणि मेस्त्रींनी आपल्या छापील बिलावर ‘वॉटर बॉडी जुनीच, उघडलेली नाही’ असं लिहून सही-शिक्क्यासह दिलंय.