बीबीएचं पहिलं वर्ष: अकरा महिने वापरून झाल्यावर

बारावीचा निकाल लागला की आमच्या बार्शीत मुलींना दोन प्रश्न विचारतात, "किती पडले?" आणि "आता काय?" दुसऱ्याला मी "बीबीए" असं उत्तर दिलं. ते काय असतं हे विचारणाऱ्यालाही माहीत नव्हतं आणि खरं सांगायचं तर मलाही. आता पुण्यात दोन सेमिस्टर काढून झाल्यावर थोडं सांगता येईल: धंदा कसा चालवायचा ते शिकवणारी ही पदवी.

आधी प्रवेशाचं, कारण तिथेच सगळ्यात जास्त फसगत होते. 2024 मध्ये बीबीए, बीएमएस, बीसीए हे कोर्स एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेखाली आले आणि महाराष्ट्रात त्यांची पहिल्यांदाच सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, झाली, 29 मे रोजी. बऱ्याच मुलांना ही परीक्षा आहे हेच माहीत नव्हतं. प्रतिसाद इतका कमी की ऑगस्टमध्ये पुन्हा एकदा घ्यावी लागली. मी या दुसऱ्या खेपेची. कॉलेज सुरू होईस्तोवर सप्टेंबर उजाडला आणि माझी बी.कॉम.ला गेलेली मैत्रीण तोवर दोन धडे पुढे होती. मधल्या काळात एका कॉलेजच्या ऑफिसात आम्हाला सांगितलं, "सीईटी कशाला? आमच्याकडे तोच कोर्स वेगळ्या नावाने आहे." पप्पा तयार झाले होते. मी विचारलं, महाडीबीटीवर (सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर) शिष्यवृत्ती मिळेल का? त्यावर खिडकीतल्या माणसाने पंखा वाढवला. आम्ही निघालो. कॅप राउंडमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून) आलात तर शिष्यवृत्तीचा अर्ज भरता येतो, मॅनेजमेंट कोट्यातून (कॉलेज स्वतः भरतं त्या जागांवर) आलात तर ती विसरायची. एवढं लक्षात ठेवलंत तरी माझं लिहिणं वसूल.

खर्च: माझी वर्षाची फी 78,000, राहायला कॉट बेसिसवर (खोलीतली एक खाट) 4,500 महिना, मेस 3,200. पुण्यात याहून कमीही आहे आणि डोळे फिरतील इतकं जास्तही.

पहिला महिना भाषेत गेला. मी बारावीपर्यंत मराठी माध्यमातून कॉमर्स केलेलं. अकाउंटिंगच्या सरांनी फळ्यावर जर्नल, लेजर, ट्रायल बॅलन्स लिहिलं तेव्हा पोटात गोळा आला. रात्री वहीत समोरासमोर लिहून काढलं: रोजकीर्द, खतावणी, तेरीज. अरे, ही तर आपलीच माणसं! लाभ घेणाऱ्याचं खातं नावे, देणाऱ्याचं जमा, हे मला झोपेत पाठ. इंग्रजी माध्यमाची मुलं डेबिट-क्रेडिटला अडखळत होती तेव्हा मी पुढच्या बाकावर सरकले होते. बाकी विषयांत मात्र इंग्रजीने चांगलंच रडवलं. बिझनेस कम्युनिकेशनच्या पहिल्या प्रेझेंटेशनला मी चार मिनिटांचं पाठ केलेलं दीड मिनिटात संपवलं.

व्यवस्थापनाची तत्त्वं हा विषय वाईट नाही, शिकवण्याची पद्धत वाईट. हेन्री फेयॉल हा फ्रेंच खाणींतला इंजिनिअर. आयुष्यभर कंपनी चालवून त्याने 1916 मध्ये आपली 14 तत्त्वं मांडली. आमच्याकडे ती चौदाच्या चौदा ओळीने पाठ करायची, परीक्षेत ओतायची. 'आदेशाची एकता', म्हणजे एका माणसाला एकाच वरिष्ठाने हुकूम द्यावा, हे वाचताना मला दुकानातला आमचा मदतनीस दिसत होता. पप्पा म्हणतात गोणी आत टाक, काका म्हणतात गाडीत चढव, आणि तो बिचारा गोणी खांद्यावर घेऊन मधे उभा. हे वर्गात सांगितलं तर सगळे हसले आणि मॅडम म्हणाल्या, "पेपरमध्ये पुस्तकातलंच लिहा." मुंबईच्या डबेवाल्यांचं उदाहरण मात्र वर्षभरात चार विषयांत आलं. डबा पोचला, आता पुढे चला, असं वाटायला लागलं.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. आमचं कृषी सेवा केंद्र आहे: बियाणं, खत, औषधं. दुसऱ्या सेमिस्टरला रोख सवलतीचं गणित आलं. आमच्या औषधांच्या एका वितरकाची पद्धत अशी: सात दिवसांत पैसे दिले तर 3 टक्के सूट, नाहीतर 45 दिवसांची मुदत. पप्पा नेहमी 45 दिवस घ्यायचे. तीन टक्क्यांत काय मोठं, हा त्यांचा हिशेब. मी मांडून बघितलं. सूट सोडायची म्हणजे 97 रुपये 38 दिवस वापरायला 3 रुपये मोजायचे. वर्षाला हे जवळपास 30 टक्के पडतं. बँकेची सीसी (कॅश क्रेडिट, लागेल तसं उचलायचं कर्ज) आम्हाला 11 टक्क्यांनी मिळते. मी वेगळी चिठ्ठी करून फोटो पाठवला आणि लगेच फोन केला.

पप्पांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "बरोबर हाय. पण सीसी पेरणीलाच संपलेली असती. रोख आणू कुठनं? कुणाला शिकवायलीस?"

याचं उत्तर पुस्तकात नव्हतं असं नाही, चार पानं पुढे होतं: उधारी वसूल व्हायला किती दिवस लागतात ते मोजणं. सुट्टीत घरी गेले तेव्हा उधारीची वही घेऊन बसले. सरासरी येणं 6,80,000, वर्षाची उधार विक्री 21,00,000. म्हणजे शेतकऱ्याकडून पैसा यायला सरासरी 118 दिवस, आणि आम्ही वितरकाला द्यायचं 45 दिवसांत. मधले 73 दिवस आमचे पैसे कुणाच्या तरी शिवारात उभे. ही गोष्ट पप्पांना अंगाने माहीत होती, आकड्याने नव्हती. आकडा बघून ते बराच वेळ गप्प बसले.

मग मी हुशारी केली. नव्वद दिवसांपुढच्या सतरा जणांची यादी काढली आणि म्हणाले, यांना उधार बंद. पप्पांनी एका नावावर बोट ठेवलं. "ह्यो दोन वर्षांनी देतो, पण देतो. अन् ह्याच्यामुळं त्याच्या वस्तीवरची नऊ घरं आपल्याकडं येत्यात. ती तुझ्या यादीत कुठंयत?" कुठेच नव्हती. यादीतून अकरा नावं खोडली, सहा राहिली.

मे महिन्यात हरभऱ्याचे पैसे हातात आले तेव्हा त्या वितरकाचं 1,40,000 चं बिल पप्पांनी सहाव्या दिवशी भरलं. 4,200 वाचले. माझ्या फीच्या मानाने किरकोळ, पण बिलाची पावती त्यांनी मला दाखवायला बाजूला ठेवली होती.

म्हणून माझं मत असं: अकाउंटिंग आणि कॉस्टिंग (खर्चाचा हिशेब) घासून बघायला तुमच्याकडे काही असेल, दुकान, शेती, मामाचं गॅरेज, तर बीबीए पैसे वसूल करून देतं. नसेल तर कॉलेजच्या फेस्टमध्ये स्टॉल तरी लावा. आम्ही पोह्यांचा लावला. ठरलेला खर्च 2,400, प्लेट 30 ची, तिच्यामागे सामानाचे 14. ना नफा ना तोटा (ब्रेक-इव्हन) व्हायला 150 प्लेट विकायला हव्या होत्या, विकल्या 131. तोटा 304 रुपये. ब्रेक-इव्हनचा प्रश्न मी आता कधीच चुकणार नाही. (पप्पांनी विचारलं, "अन् तुमची चौघींची मजुरी?" तोटा तिथून मोजायचा असतो म्हणे.)

नुसती पुढे एमबीए करायची म्हणून बीबीए घेत असाल तर थांबा. एमबीएच्या सीईटीला कुठल्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो. बी.कॉम.वाली माझी मैत्रीण वर्षाला माझ्या एका महिन्याच्या खर्चाएवढीही फी भरत नाही आणि सकाळचं कॉलेज करून दुपारी सीएच्या ऑफिसात जीएसटीची कामं शिकते. कॉम्प्युटरवर तिचा हात माझ्यापेक्षा जलद चालतो, हे कबूल. प्लेसमेंटबद्दल मी काही बोलत नाही. ब्रोशरवरच्या सुटातल्या मुलाला आमच्या वर्गातल्या कुणी पाहिलेलं नाही.

नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांनी पदवी आणि चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. चौथ्याचं तेव्हा बघू. सध्या दुसऱ्या वर्षाची फी भरायची आहे. परवा पप्पांनी फोनवर विचारलं, "सात दिवसांत भरली तर किती टक्के सूट?"

मी नोटीस पुन्हा वाचली. सूट नाही. उशिराचा दंड आहे, दिवसाला पन्नास.